न चाखलेला केक

माझ्या सासूबाई माळकरी आहेत. मटण-मासळी सोडाच, अंडं घातलेलं बिस्कीटही त्यांना चालत नाही. तरीही रोह्यातल्या जुन्या लोकांना हौसाबाई म्हटलं की नाताळचा केक आठवतो. लग्न होऊन मी निडीजवळच्या या गावात आले आणि हे ऐकलं, तेव्हा मला हसूच आलं. मी पेणची, जरा तोंडाळ. लगेच विचारलं, "आई, मग अंड्याशिवाय करता होय केक?"

"सा अंडी घालून करते," त्या म्हणाल्या. "मी खात नाय, येवढंच."

एवढं बोलून त्या तांदूळ पाखडायला लागल्या. आमच्या घरात विषय असेच संपतात. पुढचं मी तुकड्यातुकड्याने गोळा केलं. काही माझ्या नवऱ्याकडून, म्हणजे हर्षदकडून, आणि काही आईंचा मूड चांगला असेल त्या दिवशी त्यांच्याकडूनच.

हर्षद लहान होता तेव्हा आई रोज सकाळच्या गाडीने निडीहून रोह्याला कामाला जायच्या. काम वेगस आडनावाच्या सिस्टरांकडे. सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्स. मूळच्या कोर्लईच्या, ख्रिस्ती. नवरा बोटीवर होता, तो तरुणपणीच वारला. पदरात एक मुलगा, नेव्हिल. दवाखान्यात कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, त्यामुळे घर आणि नेव्हिल दोन्ही आईंच्या हाती. आई त्यांना नुसतं 'बाई' म्हणायच्या, अजूनही म्हणतात.

सिस्टरांच्या घरात रोज मासळी. ती आई साफ करायच्या, शिजवायच्या, मीठ अंदाजाने घालायच्या आणि सिस्टर म्हणायच्या की असं कालवण कोर्लईतसुद्धा कोणी करत नाही. स्वतः मात्र घरून आणलेला भाकरीचा डबा घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या. पाणी प्यायला त्यांचा स्वतःचा पितळी पेला खिडकीत पालथा घातलेला असायचा, तो कोणी वापरायचा नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, एकमेकींची आजारपणं काढली, पण दोघी एकत्र जेवायला म्हणून कधी बसल्या नाहीत. सिस्टर चिडवायच्या, "हौसा, तुझा देव फार कडक आहे गो. माझा बघ, वाईन देतो." आई म्हणायच्या, "तुमचा तुमाला, माझा मला." आणि पायरीवर भाकरी मोडायच्या.

नाताळ जवळ आला की केक. सिस्टर मोजून द्यायच्या, फेटायच्या मात्र आई. लोणी आणि साखर एकाच दिशेने फेटत राहायचं, हात भरून आला तरी. मग एकेक अंडं. फळांमध्ये काही मोठं राजेशाही नसायचं. मनुका, खजूर, काजूचे तुकडे, संत्र्याची साल, तीन रंगांची टुटीफ्रूटी. साखर करपवून तिचं काळं पाणी करायचं, त्याने रंग येतो. जायफळ, दालचिनी. केक भाजून झाला की सिस्टर त्याला काडीने भोकं पाडायच्या आणि चमच्याने रम पाजायच्या. अंडी हाताळल्यावर आई न्हाणीघरात जाऊन हातपाय धुवायच्या आणि मग माळेला हात लावायच्या. हाताला लागलं म्हणून काय झालं, तोंडात गेलं नाही ना, हा त्यांचा हिशेब.

केक झाला की नाही हे त्यांनी कधी चाखून पाहिलं नाही. वासावर सगळं. सिस्टर पहिला तुकडा कापायच्या तो कागदात बांधून आईंना द्यायच्या. तो घरी यायचा आणि हर्षद तो अंगणातल्या फणसाखाली बसून खायचा, कारण घरात आणायला बंदी. खाऊन झालं की आई त्याला विचारायच्या, "कसा झालाय रे?" हर्षद म्हणायचा, "मस्त." एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हर्षदला म्हटलं, अरे, जरा नीट वर्णन करून सांगायचं होतंस की. तो म्हणाला, "मी सात वर्षांचा होतो, मला केक संपल्याचं दुःख असायचं."

मग नेव्हिल शिकून ऑस्ट्रेलियाला गेला. सिस्टर निवृत्त झाल्या, रोह्याची जागा सोडून कोर्लईला आपल्या घरी राहायला गेल्या. आईंचं काम सुटलं. केकही सुटला. अधूनमधून फोन व्हायचा. फोनवर दोघी मोठमोठ्याने बोलायच्या, जणू कोर्लईपर्यंत हाक पोचवायची आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला सिस्टरांचा फोन आला तो मी घेतला. आई शेतावर वाल पेरायला गेल्या होत्या. सिस्टरांचा आवाज थकलेला होता, पण बोलणं नर्ससारखंच, मुद्द्याचं. "नूतन, नीट ऐक आणि हौसाला सांग. नेव्हिल मला न्यायला आलाय. नाताळ झाला की मी त्याच्याबरोबर जाते, कायमची. माझे हात आता थरथरतात, मला केक होत नाही. नाताळच्या दिवशी हौसाने केक करून घेऊन यायचं. पण त्यात अंडं घालायचं नाही. रमही नाही. साधा करायचा, दह्यातला. सांगशील ना नीट?"

मी नीट सांगितलं. शब्दही इकडचा तिकडे केला नाही. आई शेतातून आल्या होत्या, पाय चिखलाचे. 'कायमची' हा शब्द ऐकल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ पाय धुवायचंच विसरल्या. मग म्हणाल्या, "बिनअंड्याचा? बाई बोलली तसं?"

"हो. आणि रमही नको म्हणाल्या."

"बाई असं बोलायची नाय," त्या म्हणाल्या. "बाईला बिनअंड्याचा केक म्हंजे शिरा वाटतो. ती सुनेची करणी असंल. पथ्य लावलं असंल म्हातारीला. सगळ्या सुना सारख्याच."

हे माझ्या तोंडावर. मी म्हटलं, "आई, सून तिकडे ऑस्ट्रेलियात आहे, ती इथल्या केकमध्ये कशाला नाक घालेल? मी फोन लावते, विचारूया परत."

"काय गरज नाय. तिला काय आवडतं ते मला ठाऊक हाय. आयुष्यभर लोकांना इंजेक्शनं दिली तिनं, आता जायच्या टायमाला एक धड केक पन खाऊ नये? मी करीन तसाच, पयल्यासारखा. फोन केलास तर बघ."

आता या बाईपुढे कोणाचं चालतं? मी धाटावच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिथे सुपरवायझरला मी गप्प करू शकते, पण घरात आमचं हे असं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचं म्हणणं पटलं. सिस्टर आता जाणार त्या परत येणार नाहीत, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. मग शेवटचा केक खराच व्हायला हवा, नाही का?

तर, खरा केक करायचा ठरला, आणि मग आमची वरात सुरू झाली.

पहिली अडचण, आमच्या घरात अंडं येत नाही. मी आणि हर्षद कोलाडला जाऊन हॉटेलात आम्लेट खातो, ते आईंना माहीत आहे आणि त्या माहीत नसल्याचं दाखवतात. पण घरात नाही म्हणजे नाही, आणि हा नियम त्यांचाच. त्यामुळे केक आमच्या घरात होऊ शकत नव्हता. शिवाय ओव्हन नाही. सिस्टरांचा होता तो त्यांनी रोहा सोडताना कोणाला तरी देऊन टाकला.

आईंनी अजीजाबाईंना गाठलं. अजीजाबाईंच्या नवऱ्याची, अहमदभाईंची, रोह्यात बेकरी आहे. लाकडाची जुनी भट्टी. दिवाळीत आमच्या भागातल्या बायका नानकटाईचं पीठ मळून ट्रे घेऊन तिथेच रांग लावतात. पाव निघाले की भट्टीची आच उतरते आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई भाजून मिळते. आपला ट्रे ओळखायला कोणी त्यात चमचा ठेवतं, कोणी हिरवी बांगडी. आई आणि अजीजाबाईंची ओळख त्या रांगेतलीच.

"अंडी हवी तेवढी फोड माझ्या घरात," अजीजाबाई म्हणाल्या. "भट्टी पन तुझीच हाय. पन हौसाबाय, दारू नाय चालायची. ना घरात, ना भट्टीत."

"मला काय चालते काय गो ती?" आई म्हणाल्या. "पन बाईच्या केकात लागते."

दोघी विचारात पडल्या. एकीच्या घरात अंडं चालत नव्हतं, दुसरीच्या घरात रम, आणि केक तर दोन्ही मागत होता. शेवटी तोडगा आईंनीच काढला. फळं संत्र्याच्या रसात भिजवायची. केक अजीजाबाईंकडे कालवायचा, अहमदभाईंच्या भट्टीत भाजायचा. रम काय, ती नाहीतरी भाजल्यावरच पाजायची असते; ती वाटेत पाजू, रोह्याच्या बाहेर, कोणाच्याच घरात नाही. अजीजाबाईंना हे पटलं. "रस्ता कुनाचा नाय," त्या म्हणाल्या.

फळं आणायची कामगिरी माझ्यावर आली. रोह्याच्या दुकानात टुटीफ्रूटी नुसती लाल होती. आईंना तिन्ही रंग हवे होते, लाल, हिरवा, पिवळा, कारण बाई तशी घालायची. मी सुट्टीच्या दिवशी पेणला माहेरी गेले. माझे वडील गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात साच्यात माती भरायचं काम बघतात, ते हात मातीचे ठेवूनच माझ्याबरोबर बाजारात आले. तीन रंगांची टुटीफ्रूटी मिळाली तेव्हा मला इतका आनंद झाला की दुकानदाराने विचारलं, वाढदिवस कोणाचा. काय सांगणार? म्हटलं, येशूचा.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अजीजाबाईंच्या ओट्याशी. आईंनी पदर खोचला आणि लोणी-साखर फेटायला घेतली. मी म्हटलं, मी करते थोडं, तर म्हणाल्या, "तुझी दिशा बदलंल." सत्तरीकडे झुकलेली बाई, पण हात थांबला नाही. मध्येच त्या बोलायला लागल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. नेव्हिलला गोवर आला होता तेव्हा बाईची रात्रपाळी होती आणि आई रात्रभर नेव्हिलपाशीच राहिल्या होत्या, म्हणाल्या. माझे सासरे गेले त्या दिवशी बाई दवाखान्याचे कपडे न बदलता आमच्या गावात आल्या होत्या, आणि चूल पेटली नव्हती म्हणून त्यांनीच गावातल्या बायकांना चहा करून पाजला होता. "माझ्या चुलीवर," आई म्हणाल्या. "मला तेवा काय सुद नव्हती. मी पन प्याले म्हनं तिच्या हातचा." मग त्यांनी अंडी फोडायला घेतली आणि बोलणं बंद झालं.

अहमदभाईंनी ट्रे भट्टीत सरकवला. आई बेकरीबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, डोळे मिटून. मला वाटलं नाम घेतायत. म्हटलं, आई, चहा घेता का? "गप," त्या म्हणाल्या. "वास घेतेय." जरा वेळाने तो वास माझ्याही नाकापर्यंत आला, करपलेल्या साखरेचा आणि जायफळाचा, आणि अजीजाबाई आतून बाहेर आल्या. आईंचा चेहरा सैल झाला. "झालाय," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

नाताळच्या दिवशी सकाळी हर्षदच्या गाडीने निघालो. केक पत्र्याच्या डब्यात माझ्या मांडीवर, रमची छोटी बाटली डिकीत. चणेऱ्याच्या पुढे रस्त्याला घरं संपली तिथे आईंनी गाडी थांबवायला सांगितली. बाटलीला हात लावायला त्या तयार नव्हत्या. हर्षदने चमच्याने रम पाजली आणि त्या दोन हात लांब उभं राहून, नाकाला पदर लावून, हुकूम सोडत होत्या. "मधी सोड. कडेला नको. अजून येक चमचा. बाईला कंजूषपना आवडत नाय." मोटारसायकलवरून जाणारे दोघं थांबून बघायला लागले. एक माळकरी बाई भर सकाळी पोराला अजून एक चमचा म्हणतेय, त्यांनी काय समजायचं?

कोर्लईला पोचलो तेव्हा सकाळची प्रार्थना होऊन गेली होती. सिस्टरांचं घर किल्ल्याच्या डोंगराखाली, दारात कागदाचा तारा टांगलेला. आत मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या. नेव्हिल आईंच्या पाया पडला. एवढा उंच माणूस, पण 'हौसामावशी' म्हणताना त्याचा आवाज लहान झाला. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, फुलाफुलांचा झगा, केस नीट विंचरलेले. किती बारीक झाल्या होत्या. आईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि ते थरथरणारे हात थांबेपर्यंत सोडले नाहीत.

टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर दोन ताटल्या. एक चिनीमातीची, जुनी. दुसरी स्टीलची, नवीकोरी, तिच्यावरचा कागदी शिक्का अजून निघाला नव्हता. शेजारी सुरीही नवी, पुठ्ठ्याच्या वेष्टनातली. आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मी ते पाहिलं. मला तेव्हाच कळलं. आईंना कळलं नव्हतं.

"बस, हौसा," सिस्टर म्हणाल्या. "खाली नाही. खुर्चीवर. आज डबा काढायचा नाही."

आई संकोचत खुर्चीच्या कडेवर टेकल्या. नेव्हिलने केकचं झाकण उघडलं. वास खोलीभर पसरला. सिस्टरांचा हात नव्या सुरीकडे गेला होता तो तिथेच राहिला.

"हौसा, ही रम आहे."

"व्हय," आई म्हणाल्या. मान ताठ होती त्यांची. "तुमाला आवडते तशी. मंगाशी पाजलीय वाटेत."

"आणि अंडी?"

"सा. गावठी. मी नूतनला बोलले, बाईचं पथ्य गेलं चुलीत, आज ती धड केक खानार."

सिस्टरांनी हात मागे घेतला. त्या स्टीलच्या ताटलीकडे बघत होत्या. मग हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अगं वेडे, माझं कसलं पथ्य? मी तुझ्यासाठी सांगितलं होतं बिनअंड्याचा. ताटलीसुद्धा नवी आणवली, सुरी नवी. आयुष्यभर तू मला केक करून घातलास आणि मागच्या पायरीवर भाकरी खाल्लीस. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी तू माझ्यासमोर बसून माझ्याबरोबर खावंस."

आईंचा चेहरा मी विसरू शकत नाही. आधी त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मग केककडे, मग परत सिस्टरांकडे. "मंग तसं नीट सांगायचं ना, बाई," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तू म्हटलं असतंस, मला कशाला."

हे खरं होतं. आई असंच म्हणाल्या असत्या.

"कापा तुमी तरी," आई म्हणाल्या. "खावा. मला बघू दे."

नेव्हिलने सिस्टरांचा हात धरून तुकडा कापून दिला. सिस्टरांनी एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. "तसाच झालाय," त्या म्हणाल्या. "अगदी तसाच. माझ्याहून चांगला." एरवी हे ऐकायला आईंनी काय दिलं नसतं! पण त्या नुसत्या मान हलवत होत्या. त्यांच्यापुढची ताटली रिकामी होती. सिस्टर म्हणाल्या, "बरं, तुझा डबा काढ मग. भाकरी तरी खा इथे, माझ्यासमोर." आईंनी पिशवीत हात घातला, डबा काढला, टेबलावर ठेवला. झाकणाला हात लावला.

तेवढ्यात दारात माणसं आली. गावातल्या बायका, हातात फराळाची ताटं, सिस्टरांना निरोप द्यायला. त्यांच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत एकच गलका झाला, कोणी सिस्टरांच्या गळ्यात पडलं, कोणी रडायला लागलं. बसायला खुर्च्या कमी पडल्या. आणि आई सवयीने उठल्या. आपली खुर्ची एका म्हातारीला दिली, डबा पिशवीत टाकला आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवायला आत गेल्या. मी मागोमाग गेले, म्हटलं, आई, मी करते, तुम्ही बसा ना बाहेर. "तुला त्यांच्या घरचा चहा येतो काय?" त्या म्हणाल्या आणि पातेलं शोधायला लागल्या. माणसं येत राहिली, चहा होत राहिला. आम्ही निघालो तेव्हा सिस्टर दाराशी आल्या, आईंच्या कानाशी काहीतरी बोलल्या. काय ते आईंनी कधी सांगितलं नाही.

त्याला वर्ष झालं. सिस्टर तिकडे गेल्या, पोचल्याचा फोन आला. महिन्यातून एकदा नेव्हिल व्हिडिओ कॉल लावतो. सिस्टर आता फार बोलत नाहीत, बसल्या बसल्या झोपतात. आई स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणतात, "बाई, जेवल्या का?" तिकडून मान हलते.

यंदा नाताळच्या सकाळी आईंनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात मैदा, दही, लोणी, मनुका काढून ठेवलेल्या. टुटीफ्रूटी पेणहून माझ्या भावाकडून त्यांनी परस्पर मागवली होती, मला पत्ता नाही. म्हणाल्या, "बिनअंड्याचा करू. आज घरात चालंल." कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिटी काढून, आम्ही तो आमच्या गॅसवर भाजला. तोही एकाच दिशेने फेटलेला, माझा हात लावू न देता.

दुपारी नेव्हिलचा फोन येऊन गेला. हॅपी ख्रिसमस झालं, सिस्टरांनी हात हलवला. आईंनी केकबद्दल चकार शब्द काढला नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "सांगून काय, तिचा हात पोचनार हाय इथवर?"

मग त्यांनी केक कापला, तुकडा घेतला आणि ओटीवर बसून खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा. सावकाश, कणही न सांडता. मी समोर उभी. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, चव कशी, गोड कमी की जास्त. शेवटी मीच विचारलं, "आई, कसा झालाय?"

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "पन बरोबर झालाय का, ते मला कुटं ठाऊक? ते बाईला ठाऊक."

त्यांनी रिकामा हात मांडीवर पुसला आणि त्या रस्त्याकडे बघत बसल्या. मी शेजारी बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"केक खायाचं काय, खाल्ला," त्या म्हणाल्या. "तिच्यासंगती बसायचं तेवढं राहिलं. डब्याला हात लावला होता गो मी. पाव्हणे आले तर आले, त्यांचा चहा त्यांनी केला असता. कशाला उठले मी?"